वॉशिंग मशीन चैनीची अन् मोटरचा स्टार्टर गरजेचा?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. घरी यजमान, सासूबाई, अकरावी सायन्सचा मुलगा अन् आठवीतली मुलगी. बरंचसं वावर कोरडवाहू, विहिरीवर दोन एकर ओलित. पावसाळ्याच्या शेवटी डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाली अन् दोन दिवस गावात लाइन नव्हती. मोबाइल एकामागून एक बंद पडले, चक्की बंद, मोटर बंद, मुलगा घरभर चिडचिड करत फिरत होता. शेजारच्याचा एक मोबाइल चालू होता, त्याच्यावरून माहेरी फोन लावायचा तर भावाचा नंबर घरात कोणालाच पाठ नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळेस यातलं काहीच नव्हतं, तरी आम्ही मेलो नाही." ते ताईंना लागलं. आता सोयाबीन विकून, देणंघेणं फेडून हातात तीसेक हजार उरले आहेत. यजमानांना इन्व्हर्टर अन् मोटरला मोबाइल स्टार्टर पाहिजे, मुलाला लॅपटॉप, सासूबाईंचा टीव्ही बंद पडून आहे. ताई विचारतात, "आपण मशिनींचे गुलाम झालो का? यातलं गरजेचं काय अन् चैनीचं काय, हे ठरवायचं कसं?" अन् सही करून झाल्यावर, खाली बारीक अक्षरात एक ओळ: "मला वॉशिंग मशीन घ्यावीशी वाटते, पण ते काही गरजेचं नाही म्हणून वर लिहिलं नाही."

ताई, नमस्कार.

मी उत्तर त्या सहीखालच्या ओळीपासूनच सुरू करते, कारण सगळं पत्र मला तिथंच अडकलेलं दिसलं. यजमानांनी आपली मागणी मांडली, पोराने मांडली, सासूबाईंनी बंद टीव्हीकडे पाहून दोन उसासे टाकले म्हणजे त्यांनीही मांडली, अन् तुम्ही तुमची मांडायच्या आधीच खोडून टाकली. कोणी नाही म्हटलं होतं का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही, तुमचं तुम्हीच नाही म्हटलं.

त्याच पत्रात तुम्ही सहज लिहून गेल्या की कापूस वेचायच्या दिवसांत तुम्ही साडेचारला उठता, बोरिंगवर गर्दी व्हायच्या आधी पाणी आणता, पाच जणांचे कपडे धुता, डबे करता अन् आठला वावरात. ते कपडे काय ऑफिसचे आहेत का जी? काळ्या मातीत लोळलेली पँट म्हणजे आधी एका पाण्यात माती सोडवायची, मग साबण, मग ब्रश, मग दगडावर आपटायची, मग पिळायची, अन् कडक थंडीत त्या पाण्याने बोटं अशी आखडतात की पुढं पऱ्हाटीत गेल्यावर बोंडाचं टोक घुसलेलं रक्त दिसल्याशिवाय कळत नाही. हे रोज. आणि तुम्ही लिहिता की मशीन काही गरजेची नाही.

गरज की चैन, हे वस्तूकडे पाहून मला तरी कधी ठरवता आलं नाही. मी एवढंच पाहते की ती वस्तू चार दिवस बंद पडली तर काम कोणाच्या अंगावर पडते. मोटरसायकल बिघडली तर यजमानांना पायी जावं लागते, म्हणून ती त्याच दिवशी मेस्त्रीकडे जाते. मिक्सर बिघडला तर तुम्ही पाट्यावर वाटून घेता, कोणाच्या ताटात काही फरक पडत नाही, म्हणून तो दिवाळीपर्यंत फळीवर पडून राहतो. आपल्याकडे बाईच्या कामाची मशीन बहुतेक घरांत आंदणातच आलेली असते, ती सासरी आली अन् मग वीस वर्षं तिच्यात भर पडत नाही, "पाहू पुढच्या हंगामात" एवढंच ऐकू येते. यजमान वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही. त्यांना तुमचं ते काम दिसतच नाही, कारण ते उठतात तेव्हा कपडे तारेवर वाळत असतात.

आता सासूबाईंचं. त्यांच्यावर रागावू नका, त्या खरंच बोलल्या, पण अर्धंच बोलल्या. एखाद्या संध्याकाळी निवांत बसून विचारा त्यांना की जात्यावर दळायला किती जणी बसत, विहिरीवरून पाणी कोण ओढत होतं, घरात जावा-नणंदा मिळून बायका किती होत्या. चार बायकांनी वाटून केलेलं काम आज त्याच घरात एक सून करते अन् वर मजुरी वाचवायला वावरातही जाते. मेलो नाही हे खरं, पण त्यांचे गुडघे कशाने गेले हेही त्यांनाच विचारा, टोमणा म्हणून नाही हं, खरंच विचारा, त्या मोकळ्या होऊन सांगतील असं मला वाटते. बाकी त्यांच्या वेळेस मोबाइल नव्हता तसं मोबाइलवरून करायचं कामही नव्हतं.

मोबाइलच्या बाबतीत गुलाम हा शब्द मला पूर्ण पटत नाही, कारण अर्धा मोबाइल आपण घेतला अन् अर्धा आपल्यावर येऊन पडला आहे. आधी पिकाची नोंद तलाठी करायचे, १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली अन् आता वावरात उभं राहून पिकाचा फोटो अपलोड करायचं काम आपल्याकडं आलं. सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, हमीभावात कापूस द्यायचा तर २०२५च्या हंगामापासून कपास किसान ॲपवर नोंदणी आली, त्याच्यावरच स्लॉट घ्या. पीएम किसानची ई-केवायसी, बँकेचा मेसेज, गॅसचा नंबर लावणं, सगळीकडं ओटीपी. ज्याच्याकडे फोन नाही त्याचा कापूस काय उकिरड्यावर टाकायचा? तेव्हा एवढ्यापुरता फोन पाहिजेच, त्याची लाज धरू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी नावाचं ॲप आहे, आजूबाजूला वीज पडायचा धोका असला की इशारा देते, ते घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये टाका. आपल्याकडे मृगात अन् परतीच्या पावसात वावरात माणसं विजेने जातात, त्या ॲपला मी फावड्या-विळ्याच्या रांगेत बसवीन.

उरलेला अर्धा मोबाइल, म्हणजे खाटेवर पडून रात्री अकरापर्यंत अंगठा वर सरकवत राहणं, तो मात्र आपलाच. तुम्ही मुलाबद्दल लय लिहिलं, यजमानांबद्दल एकच ओळ लिहिली की "तेही पाहतात", अन् स्वतःबद्दल काहीच नाही, असो. याच्यात लाइटबिल वाढत नाही, पाच हजार एमएएचचा फोन एका युनिटात चाळीसेक वेळा चार्ज होतो, पैसा जातो तो रिचार्जात अन् त्याहून जास्त जाते ती झोप. तुमच्याच जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी ग्रामपंचायतीने २०२२मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल बंदीचा ठराव केला होता. त्याच वर्षी तिकडे सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावला वेगळं केलं, संध्याकाळी सातला भोंगा वाजवायचा अन् दीड तास घराघरातले मोबाइल-टीव्ही बंद, लहान-मोठे सगळ्यांचेच. मला दुसरी रीत बरी वाटते. बाप रील पाहून राहिला अन् पोट्ट्याला म्हणते "ठेव तो मोबाइल", तर पोट्टा कशाला ऐकेल? भोंग्याची गरज नाही, सात ते साडेआठ सगळ्यांचे फोन एका फळीवर चार्जिंगला, रिंग चालू, फोन आला तर उठून घ्यायचा अन् परत तिथंच ठेवायचा. पहिले आठ दिवस कटकट होईल, होऊ द्या. यजमान मानत नसतील तर पोरावर हा नियम लावूच नका, उगाच घरात भांडण वाढते.

लाइन नसतानाचं ते नंबरचं मात्र आजच करून टाका. भावाचा, लाइनमनचा, शेजारच्या गावातल्या कोणाचा तरी, शाळेतल्या गुरुजींचा, अन् १०८, असे दहा-बारा नंबर मार्करने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहा. याला शून्य रुपये लागतात. अन् आणखी एक, हे तुम्ही विचारलं नाही पण अशी पत्रं मला इतकी येतात की सांगितल्याशिवाय राहवत नाही: तुमच्या आधारला अन् बँक खात्याला नंबर कोणाचा जोडला आहे? बहुतेक घरांत बाईच्या आधारला नवऱ्याचा नंबर असतो. मग लाडकी बहीणचे पैसे आले का, काढले का, सगळं त्याच्या फोनवर कळते अन् ओटीपीसाठी तो वावरातून येईस्तोवर थांबावं लागते. तालुक्याच्या आधार केंद्रावर जाऊन तुमचा स्वतःचा नंबर जोडून घ्या, नंबर बदलायला कागदपत्र लागत नाही, बोटाचा ठसा अन् थोडी फी लागते, मग तीच गोष्ट बँकेत. अन् तो सिम रिचार्जअभावी बंद पडू देऊ नका. सासूबाईंना साधा बटनाचा फोन द्या, दोन-तीन दिवस चार्जिंग जात नाही, अन् त्याला नेटचा पॅक मारू नका, जानेवारी २०२५पासून कंपन्यांचे फक्त बोलण्याचे अन् मेसेजचे पॅक मिळतात, दुकानदार आपणहून सांगत नाही, मागून घ्यावा लागतो.

आता यजमानांच्या मागणीकडं येऊ. स्टार्टरच्या बाजूने मी आहे. ज्याने रात्री दोनला बॅटरी घेऊन बांधावरून मोटर लावायला जाणारा माणूस पाहिला, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही, गवतात साप, रानडुकरं, अन् तुमच्या भागात वाघाचंही भ्या आहे. स्टार्टरमध्ये सिम टाकलेलं असलं की घरून फोन करून मोटर चालू-बंद होते. पण घ्यायच्या आधी महावितरणच्या ऑफिसात एक विचारा, आपलं फीडर, म्हणजे आपल्या भागाला वीज आणणारी मोठी लाइन, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत येऊन राहिलं का. आलं तर ओलिताची लाइन दिवसाच मिळेल अन् रात्रीच्या फेऱ्याच संपतील, मग हा खर्च थांबवता येईल.

अन् घेतलाच तर आपण फोन केला तरच मोटर लावणारा घ्या, लाइन आली की आपोआप मोटर सुरू करणारा ऑटोस्विच नको. महावितरण वारंवार सांगते की ऑटोस्विच काढा अन् कॅपॅसिटर लावा, त्याचं कारण सरळ आहे, लाइन आली की गावातल्या सगळ्या मोटरी एकाच क्षणाला उठतात, सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, अन् तो सगळा भार एका डीपीवर पडतो. तुमच्या गावची डीपी याच्यानेच जळाली असं मी इथं बसून म्हणू शकत नाही, पण अशाने डीप्या जळतात हे नक्की. म्हणजे एकाच्या सोयीसाठी सगळा गाव दोन दिवस अंधारात. विहिरीत पाणी नसलं की मोटर आपोआप बंद करणारी सोय त्यात आहे का ते पाहा. अन् घरात एक नियम घालून द्या, विहिरीवर कोणी गेलेलं असताना त्याला विचारल्याशिवाय घरून कोणीही मोटर लावायची नाही. कोणी वायर जोडत असेल, कोणी फुटव्हॉल्व्ह काढत असेल, अन् इकडून पोराने बटन दाबलं तर?

इन्व्हर्टरचं मला तेवढं पटलं नाही, निदान या वर्षी तरी नाही. बॅटरीसकट वीसेक हजार त्यातच जातात. नेहमीच्या दीडशे एएचच्या बॅटरीवर दोन साधे पंखे अन् तीन बल्ब सहा-सात तास चालतात, अन् पुन्हा भरायला लाइनच पाहिजे. म्हणजे डीपी जळून दोन दिवस अंधार झाला, त्याला हे औषध नाहीच. रोज तास-दोन तास लाइन जात असेल त्या गावाला ते कामाचं. तुमच्याकडे खरंच किती जाते, हे दोन महिने कालनिर्णयवर लिहून ठेवा, गेली कधी, आली कधी, मग उन्हाळ्याच्या तोंडावर यजमानांशी बोला. तोवर इमर्जन्सी बल्ब दोन घ्या, लाइन गेली तरी तीन-चार तास जळतात, अन् दहा हजार एमएएचची एक पॉवर बँक. पंखा कधी बदलायचा झाला तर बीएलडीसी पंखा पाहा, साधा पंखा पाऊणशे वॅट खातो, तो तिसेक वॅटात चालतो, उद्या इन्व्हर्टर घेतला तर तीच बॅटरी दुपटीने पुरते. कोणी तुम्हाला म्हणेल की सूर्यघर योजनेत छतावर सोलर लावा, लाइन गेली तरी घर चालेल, तर तसं होत नाही, बॅटरी नसलेलं साधं सोलर गावची लाइन गेली की तेही बंद पडते, लाइनवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असते. बिल कमी करायला ते चांगलं, अंधारासाठी नाही.

लॅपटॉप आता नको. पोराला वाईट वाटेल, पण अकरावी-बारावीच्या अभ्यासात लॅपटॉपवाचून अडते असं मला दिसत नाही. नीट २०२५पर्यंत तरी कागदावरच होत होती, सीईटी अन् जेईई कॉम्प्युटरवर होतात, त्याच्यासाठी माउस हाताला बसला पाहिजे, स्क्रीनवर प्रश्न सोडवायची सवय पाहिजे, तेवढं कॉलेजच्या लॅबमध्ये नाहीतर तालुक्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये होऊन जाते. बारावीनंतर तो कुठं जातो, इंजिनिअरिंगला की ॲग्रीला की आणखी कुठं, त्यावर कोणता लॅपटॉप हे ठरते, आज घेतलेला तेव्हा जुना झालेला असेल. त्याला नुसतं नाही म्हणू नका, उरलेल्या पैशातले काही त्याच्यासमोर पोस्टात टाका अन् सांगा की हे लॅपटॉपचे. अन् मुलीचं काय हो? पाच जणांच्या घरात तिची मागणी पत्रात कुठंच नाही. तिलाही विचारा, आत्तापासूनच तिने सहीखाली लिहायला शिकू नये.

सासूबाईंच्या टीव्हीला मी चैन म्हणणार नाही. दिवसभर तुम्ही सगळे वावरात अन् शाळेत, घरात एक म्हातारं माणूस अन् चार भिंती. टीव्हीचा आवाज येते पण चित्र दिसत नाही असं असेल तर बहुतेक बॅकलाइटची पट्टी गेलेली असते, ती दीड-दोन हजारांत बदलून मिळते, नवीन टीव्ही घ्यायची घाई करू नका. महिन्याचा रिचार्ज जड जात असेल तर डीडी फ्री डिश लावा, छत्री अन् डब्याचा एकदाच खर्च, सह्याद्री दिसते, महिन्याचं काही नाही.

कूलरचं मात्र तुम्ही नावच घेतलं नाही, कोणीच घेत नाही. आपल्याकडे पारा ४५च्या वर जाते, कूलरशिवाय मे महिना निघत नाही, पण तो घरात इतका मुरला आहे की कोणाला तो मशीन वाटतच नाही. पत्र्याचा कूलर, खाली पाणी, ओले पाय अन् दोन पिनची वायर, दर उन्हाळ्यात विदर्भात याच्यानेच माणसं जातात, बहुतेक पाणी भरताना. होळीच्या आत वायरमन बोलवून घराचं अर्थिंग तपासा, कूलरला तीन पिनचाच प्लग लावा, अन् मेन बोर्डात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, करंट गळायला लागला की क्षणात लाइन तोडते. अन् पाणी भरायच्या आधी नुसतं बटन बंद नाही, प्लगच काढायचा, मुलीला, सासूबाईंना, सगळ्यांना हे पाठ झालं पाहिजे. तीस हजारांतून पहिले पैसे याला काढा, बाकी सगळं नंतर.

मग हिशेब साधारण असा बसतो. अर्थिंग-आरसीसीबीला दोन-तीन हजार, स्टार्टरला पाचेक, टीव्हीला दोन, बल्ब-पॉवर बँकेला दोन, अन् तुमच्या मशीनला दहा-बारा. तरी सहा ते नऊ हजार उरतात, ते पोस्टात. यजमानांशी बोलताना "मलाही पाहिजे" असं बोलू नका, ते हट्टासारखं ऐकू जाते. सरळ हिशेब मांडा, वेचणीच्या दिवसांत सकाळचा तास-दीड तास मोकळा झाला तर मी लवकर वावरात येते अन् तेवढा कापूस जास्त वेचते, मजुरीचा भाव किलोला काय चालू आहे ते त्यांनाच माहीत आहे, गुणाकार त्यांनाच करू द्या. खरं म्हणजे तो तास तुम्ही झोपून काढला तरी चालते, माझं मत विचाराल तर झोपाच. पण बोलणी सुरू करायला कापसाचा हिशेब बरा.

मशीन सेमी ऑटोमॅटिकच घ्या, दोन टबची. फुल ऑटोमॅटिकला नळाला चांगला दाब लागते, तुमच्याकडे पाणी बोरिंगवरून बादलीने येते, सेमीमध्ये बादलीने ओतता येते अन् मधेच लाइन गेली तर कपडे बाहेर काढून हाताने पूर्ण करता येतात. मातीचे कपडे आधी बाहेर एका पाण्यातून काढूनच टाका. ती उंच स्टँडवर ठेवा अन् खालून जाळी बसवून घ्या, उंदीर आत शिरून वायरी कुरतडतात अन् ते वॉरंटीत येत नाही. घेताना विचारा की कंपनीचा मेकॅनिक तालुक्यापर्यंत येतो की यवतमाळलाच न्यावी लागते. बिल तुमच्या नावावर अन् तुमच्या नंबरवर करा. अन् वाकळा तिच्यात कोंबू नका, पट्टा तुटते. त्या वर्षातून दोनदाच धुवायच्या असतात, त्या दिवशी यजमानांना अन् पोराला सोबत घेऊन नाल्यावर जा, भिजलेली वाकळ पिळायला दोन टोकांना दोन माणसं लागतातच.